डिफ्युझर की टोप?

गेल्या आठवड्यात साखळीहून भावोजींचा फोन आला. "तू तो वाफ सोडणारा दिवा घेतला होतास ना रे? चालतो का?" म्हटलं, "चालतो भावोजी, न चालायला काय झालं?" आणि फोन ठेवल्यावर वाटलं, उत्तर अर्धंच दिलं. दिवा चालतो. आमच्याकडे तो का चालत नाही, हे सांगायचं राहिलं.

मला धुळीची आणि बुरशीची ॲलर्जी, जोडीला थोडा दमा. दोन पावसाळे मी तो दिवा, म्हणजे सुगंधी तेलाचे थेंब घातलेलं पाणी हवेत उडवणारा डिफ्युझर, वापरला. त्याआधी आणि त्यानंतर टोपातला वाफारा. मधल्या वेळात रुमालावर तेलाचे दोन थेंब. तेव्हा जे लिहितोय ते माझ्या नाकाचं मत समजा, डॉक्टरांचं नव्हे. डॉक्टरांचं मत एकच आणि ते मला पटलेलं आहे: इन्हेलरच्या जागी तेल नाही. छातीत शिट्टी वाजू लागली, बोलताना वाक्य मधेच तुटू लागलं, की बाटली बाजूला, इन्हेलर हातात, आणि तरी आवरलं नाही तर थेट दवाखाना. काही दमेकऱ्यांना तर उग्र वासानेच उबळ येते. तुम्ही त्यांतले असाल तर हा सगळा खटाटोप नकोच.

तेलांबद्दल फार लिहीत नाही, कारण नाक चोंदलेल्या माणसाला ती पाठच असतात. निलगिरीतला मुख्य घटक सिनिओल, लव्हेंडरमधला लिनालूल, पेपरमिंटमधला मेंथॉल. मेंथॉलची गंमत अशी की तो नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. आपल्याला वाटतं नाक उघडलं. वाट मात्र आधी होती तेवढीच अरुंद असते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. रात्री दोन वाजता नाक उघडल्यासारखं वाटणं हेही काही थोडं नसतं.

एक मात्र बघून घ्या. बाटलीवर नुसतं 'निलगिरी' असलं तर झाडाचं शास्त्रीय नाव वाचा. ग्लोब्युलस असेल तर तो आपल्या ओळखीचा, सर्दीचा वास. सिट्रिओडोरा असेल तर तेल लिंबासारखं वासतं, कारण त्यात सिनिओल नाममात्र आणि सिट्रोनेलाल भरपूर. मी एकदा तेच घेऊन आलो आणि आठवडाभर घराला फरशी पुसायच्या औषधाचा वास येत होता. 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलेली बाटली तर उदबत्तीच्या कामाची, छातीच्या नव्हे.

आता डिफ्युझर. त्याची बाजू आधी मांडतो, कारण घरात त्याची वकीलही राहते. उकळतं पाणी नाही, भाजायची भीती नाही. संध्याकाळी बटण दाबलं की तासभर खोलीत लव्हेंडरचा मंद वास. ही शाळेतून डोकं धरून यायची, आणि चहा होईपर्यंत दिवाणखान्यात तो दिवा निळा-जांभळा होत बसायचा. ती म्हणते त्याने तिला बरं वाटायचं, आणि मी खोटं का पाडू? डिसेंबर-जानेवारीत, हवा जरा कोरडी असताना, मलाही तो आवडायचा.

पण आम्ही राहतो फोंड्याला. चिऱ्यांच्या भिंती, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. जुलैत कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी लव येते, चपलांना मिशा फुटतात, आणि काड्यापेटीतली तिसरी काडी पेटली तर नशीब. अशा घरात मी रात्रभर आणखी कपभर पाणी हवेत सोडत होतो. ओल वाढली की बुरशी वाढते, गादीतले धुळीचे किडे वाढतात, आणि माझी सगळी भानगड नेमकी या दोघांशी. सापाला दूध पाजायचं, तेही लव्हेंडर घालून.

तरी हेही मी सोसलं असतं. सोसलं नाही ते धुणं.

ज्यांनी वापरला नाही त्यांना सांगतो. डिफ्युझरच्या टाकीच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते. ती इतक्या वेगाने थरथरते की पाण्याचा बारीक धुरळा होऊन वर उडतो. म्हणजे पाणी उकळत नाही, नुसतं उडतं. त्यामुळे टाकीत जे असेल ते सगळं हवेत येतं, पाण्यातले क्षारसुद्धा. म्हणून टाकी रोज ओतायची, पुसायची, कोरडी करायची, आणि त्या चकतीवर बसलेला तेलाचा पापुद्रा कानकोरणीच्या कापसाला स्पिरिट लावून हळुवार काढायचा. हळुवार, कारण जोरात घासलं की चकती जाते. टाकीचं तोंड असं की माझी दोनच बोटं आत जातात, आणि तीही वळत नाहीत.

पहिला आठवडा मी हे मन लावून केलं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. मग चवथीची गडबड सुरू झाली, गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान, पाहुणे, आणि दिवा तसाच कोपऱ्यात राहिला, आत अर्धं पाणी. विसर्जनानंतर मी तो सवयीने चालू केला. दहा मिनिटांत घसा खवखवू लागला. झाकण काढलं तर आत विहिरीच्या कठड्याला असतो तसा बुळबुळीत थर, आणि वास लव्हेंडरचा नव्हे, साचलेल्या पाण्याचा. खाली सागवानी टिपॉयवर पांढरं गोल वर्तुळ उमटलेलं, ते अजून आहे. त्या रात्री मला इन्हेलर दोनदा लागला. डिफ्युझरमुळेच लागला असं शपथेवर सांगत नाही. भाद्रपदात मला एरवीही लागतोच. पण माणसाचं मन उठतं ते असंच उठतं.

दोष यंत्राचा नाही, माझ्या आळसाचा आहे, हे कबूल. जे रोज टाकी पुसतील त्यांच्याकडे तो छान चालत असेल. फक्त स्वतःला ओळखून घ्या. मी पाण्याची बाटलीसुद्धा आठवड्यातून एकदा घासणारा माणूस.

वाफाऱ्याचं सोपं आहे, आणि अवघडही. पाणी उकळून टोप गॅसवरून उतरवायचा, टेबलावर जाड फडक्यावर ठेवायचा, मांडीवर किंवा गादीवर कधीच नाही. मिनिटभर थांबायचं. मग निलगिरीचे दोन थेंब. मी पहिल्यांदा उत्साहात आठ-दहा टाकले होते आणि डोळ्यांतून जे पाणी काढलं ते पाहून ही पळत आली. डोळे मिटायचे, तोंड टोपापासून हातभर वर, डोक्यावरून टॉवेल. पाच-सात मिनिटं. सर्दी त्याने लवकर जाते असं नाही, जायची तेव्हाच जाते. शेंबूड सैल होतो, आणि तासभर माणूस माणसात येतो. एक टोप मात्र कायमचा त्यालाच द्या. आमच्याकडे एकदा त्याच टोपात सोलकढी झाली होती. घोटभर पिऊन पाहुण्यांनी विचारलं, यात नवीन काय घातलंय?

मनाचं म्हणाल, तर इथे मी तेलाला पूर्ण श्रेय देत नाही. आई गेली त्या वर्षी मी रोज रात्री वाफारा घ्यायचो, सर्दी असो-नसो. टॉवेलखाली अंधार असतो. कोणी बोलत नाही, फोन दिसत नाही, श्वास आपोआप लांब होतो कारण गरम हवा भराभर घेताच येत नाही. आणि डोळ्यांतून पाणी आलं तर ते निलगिरीचं. घरात कोणी विचारत नाही. डिफ्युझर लावून मी सोफ्यावर बसायचो तेव्हा हातात मोबाईल असायचा. त्याच तेलाने तिथे तसं काही झालं नाही.

कामाला मी पणजीला जातो. बसमध्ये नाक बंद झालं की खिशातला रुमाल, घडीच्या आत कालचा एक थेंब. उतरून जुन्या सचिवालयाच्या बाजूने चालताना संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा लागतो. हा आपल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेला. पॅरिसमध्ये सगळे माणसाला निजवण्यासाठी चुंबकाच्या अदृश्य प्रवाहाचा हवाला देत होते, तेव्हा प्रवाह वगैरे काही नाही, हे ज्याच्या त्याच्या मनात घडतं, असं त्याने सांगितलं. रुमाल नाकाला लावून त्याच्या समोरून जाताना मला दरवेळी जरा ओशाळल्यासारखं होतं. रुमाल काही मी खिशात घालत नाही.

हे सगळं मी भावोजींना परत फोन करून सांगितलं, आणि मग आठवलं की त्यांच्याकडे दीड वर्षाचा नातू आहे. मग गणितच बदललं. एवढ्या लहान मुलाच्या नाकाजवळ निलगिरी, कापूर, मेंथॉल काहीच नको. उकळत्या पाण्याचा टोप त्याच्या हाताच्या टप्प्यात नको. आणि बाटली सगळ्यात वरच्या फळीवर, कारण निलगिरीचं तेल चमचाभर जरी मुलाच्या पोटात गेलं तरी आकडी येऊ शकते. मांजर असेल तर तिच्या खोलीतही हे वास सोडू नयेत, तिच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत.

"म्हणजे घेऊ की नको?" भावोजी म्हणाले.

म्हटलं, घ्यायचाच असेल तर नोव्हेंबरात घ्या, आणि दुकानात झाकण उघडून मूठ आत जाते का ते बघा. मूठ गेली तर घ्या. तोवर पोरगं झोपलं की दार लावून घ्या, टोप घ्या, टॉवेल घ्या. आमचा दिवा हवा असेल तर तो माळ्यावर खोक्यात आहे, पण हिला आधी विचारावं लागेल.