खोली हवी आहे: बाजूला काढू की वर चढवू?

स्वतःच्या प्लॉटवरचं बैठं घर, एक खोली कमी पडतेय आणि मिस्त्री विचारतोय, "बाजूला काढू की वर चढवू?" खर्चाचा अंदाज तो देईलच. परवानगीच्या बाजूने मात्र या दोन खोल्यांत बराच फरक आहे. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी. हे उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राबद्दल, म्हणजे डिसेंबर 2020 पासूनच्या एकत्रिकृत नियमावलीबद्दल, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात.

बाजूच्या खोलीचं घोडं अडतं सामासिक अंतरात. मंजूर नकाशात कंपाउंड आणि भिंत यांच्यामध्ये सोडलेली पट्टी आपल्याला मोकळी दिसते, पण ती सोडायचीच असते. जुन्या बंगल्यांत घर बहुधा या रेषेपर्यंत भिडवलेलं असतं, त्यामुळे मागच्या अंगाला काढलेली खोली थेट पट्टीतच जाते. तक्रार करणारा शेजारीही तिथेच, भिंतीपलीकडे. "आधी बांधू, मग तडजोड शुल्क (विनापरवानगी बांधकाम नियमित करायचा दंड) भरू" हे गणित इथे फसतं. नियमात बसणारं बांधकामच सहसा नियमित होतं. हद्दीकडे सरकलेली भिंत पैसे भरून मागे येत नाही. प्लॉट खोल असेल आणि नकाशाप्रमाणे जागा खरंच उरत असेल, तर मात्र बाजूचं काम सोपं. नवा पाया, जोते तपासणी (पाया जोत्यापर्यंत आल्यावरची पाहणी), भोगवटा (काम पूर्ण झाल्यावरचा वापराचा दाखला), संपलं.

वर जाताना जुन्या भिंतींवरच चढायचं असल्याने अंतराचा प्रश्न बहुधा येत नाही. येतो तो एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं त्या मर्यादेचा. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय 1.10 आहे, म्हणजे 200 चौरस मीटरच्या प्लॉटवर 220. खाली 110 वापरले असतील तर वर तेवढेच मिळतात. गोची अशी की पूर्वी एफएसआयबाहेर धरलेले जिना, बाल्कनी आता मोजले जातात. त्यासाठी अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी वापराला 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे अशा भागांसाठीचा जादा, एफएसआय मिळतो. दुसरी अट स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दाखल्याची. "पाया दोन मजल्यांचा घातलाय" हे प्रत्येक घरात ऐकू येतं, त्याचा कागद फार थोड्या घरांत सापडतो. कॉलम नसलेल्या, नुसत्या विटांच्या भिंतींवरच्या घरावर मी तरी मजला चढवणार नाही.

प्लॉट 150 चौरस मीटरपर्यंतचा असेल आणि अटी पाळल्या असतील, तर नकाशा, हमीपत्र आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी. 300 पर्यंत परवानाधारक अभियंत्याने साक्षांकित केलेल्या नकाशावर 10 दिवसांत काम व्हावं अशी तरतूद आहे. गावठाणात हाच मार्ग ग्रामपंचायतीतून जातो. कागद कमी झाले तरी अंतर आणि एफएसआय सुटत नाहीत.

गच्चीवर पत्र्याची शेड टाकून चारी बाजूंनी विटा लावणं हा तिसरा, फार लाडका पर्याय. भिंती आल्या की ते बांधकामच, आणि त्यावर घरपट्टी लागली म्हणून ते अधिकृत होत नाही.

माझा कल: आरसीसी घर, एफएसआय शिल्लक, तर वर. भिंतींवरचं घर आणि खोल प्लॉट, तर बाजूला. दोन्हीसाठी आधी मंजूर नकाशाची नक्कल बांधकाम परवानगी विभागातून काढा. मिळकतपत्रिकेवर भावाबहिणींची नावं असतील, तर त्यांची संमतीही नकाशा काढायला देण्याआधीच घ्या, कारण अर्जावर सह्या त्यांच्याही लागतात.