देणगी द्यायची की स्वतः जायचं?

सोयाबीनचा चुकारा हाती आला की पावतीपुस्तकं घेऊन माणसं दारात येऊ लागतात. कुणाला सप्त्याची वर्गणी हवी असते, कुणाला कुठल्याशा आश्रमासाठी देणगी. त्यात घरचा कॉलेजातला पोरगा म्हणतो, पैसे कशाला देता, मीच हेमलकशाला जाऊन दहा दिवस काम करतो. यातलं काय निवडावं? माझ्या मते काम किती लांब आहे यावर ते ठरवावं. लांबच्या कामाला पैसे द्यावेत आणि गावच्या शिवारातल्या कामाला स्वतः जावं. आपल्याकडे बहुतेक उलटंच चालतं.

हेमलकशाचंच बघा. भामरागड तालुक्यातल्या या गावात आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून चालू आहे. तिथल्या दवाखान्यात येणारे पेशंट माडिया बोलतात. नर्स, लॅब टेक्निशियन किंवा चांगला इलेक्ट्रिशियन गेला तर अशा ठिकाणी त्याचा उपयोग होतो. बीए दुसऱ्या वर्षाच्या पोराची मात्र झोपायची-जेवायची सोय कुणीतरी करायची, त्याला काम दाखवायचं, आणि तो रुळतो तोवर त्याची निघायची वेळ होते. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की रस्ता बंद, मग परत येणंही आपल्या हातात राहत नाही. मेळघाटात कोरकू भाषा येत नसेल तर तीच गत. त्यामुळे संस्थेला आधी विचारल्याशिवाय बॅग भरू नये.

पैशाला भाषेची अडचण येत नाही. पण तो देण्यातही फरक आहे. वर्षातून एकदा आलेल्या ६,००० रुपयांपेक्षा दरमहा न चुकता येणारे ५०० रुपये संस्थेच्या जास्त कामाचे, कारण पगार आणि औषधांची बिलं दर महिन्यालाच येतात. आणि ‘कशालाही वापरा’ म्हणून द्या. खोलीच्या दारावर आजोबांचं नाव लावायला देणारे पुष्कळ मिळतात, लाइट बिल भरणारा क्वचित.

लांबच्या कामाला पैसेच द्यावेत याला एक अपवाद म्हणजे मूल तालुक्यातल्या सोमनाथला आनंदवनवाल्यांची मे महिन्यात भरणारी श्रमसंस्कार छावणी. तेव्हा वावरातही फारसं काम नसतं, पोराला जरूर पाठवा. फक्त तो तिथं शिकायला जातोय, कुणावर उपकार करायला नाही, हे घरातच बोलून ठेवा. शेगावच्या गजानन महाराज संस्थानातले सेवाधारीही लांबून येतात, पण तिथं पाळ्या लागलेल्या असतात आणि कुणी काय करायचं ते ठरलेलं असतं. अशी घडी बसलेली असेल तिथं नवा हातही पहिल्या दिवसापासून कामी येतो.

गावात हिशेब बदलतो. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेत, आपल्या वरुड तालुक्यानं भाग घेतला होता. अशा कामात एखाद्यानं नुसता चेक दिला तर चर खणायला माणसं कुठून आणायची? टिकास-फावडं घेऊन सरपंच, मास्तर आणि शेजारची काकू एका ओळीत उभी राहिली की बाकीचे आपसूक येतात. पैसा तिथंही लागतोच. मशीन फुकट मिळालं तरी डिझेल कुणीतरी भरायचं असतं. पण आधी माणसं, मग डिझेल. नुसत्या पैशानं झालेल्या बंधाऱ्यातला गाळ पुढं कोणी काढत नाही.

वेळ फुकट असतो, असं मात्र समजू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बाईचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. तिनं दिलेला तो दिवस ठेकेदाराच्या हजार रुपयांपेक्षा मोठा. म्हणून श्रमदान उन्हाळ्यात ठेवा, वेचणीत ठेवलं तर रिकामटेकडेच येतील. ज्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी निघतात त्यांनी तिसरी-चौथीच्या पोरांना वाचायला बसवावं. ‘पुस्तक’ वाचताना ‘स्त’पाशी अडखळणारं पोरगं दोन-तीन महिन्यांत मोकळं होतं. पण वर्षभर जमणार नसेल तर सुरूच करू नका. पोरं वाट बघतात.

जुने कपडे हा प्रकार मला पटत नाही. गाठोडं सोडलं की बटनं नसलेले शर्ट, उसवलेले ब्लाउज, एका पायाची चप्पल. ते निवडत बसण्यात संस्थेच्या बायांचा दिवस जातो. वस्तूच द्यायची असेल तर घरची तूर किंवा ज्वारी द्या, तीही विचारून.

पैसे देण्याआधी पावती नीट बघा. ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि पॅन हवा. क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी माणसाचं नाव दिसलं तर थांबा. देणगीवरची ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकराची सूट जुन्या करप्रणालीत आहे, नव्या प्रणालीत ती मिळत नाही. २,००० रुपयांवर रोख दिली तर त्या देणगीवर सूट नाही.

आणि खिशात पैसा नसेल, वेळही नसेल, तर रक्त द्या. गडचिरोली, मेळघाट भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण आहेत, त्यातल्या अनेकांना रक्त चढवावं लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, म्हणून टंचाई जाणवते. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, वजन किमान ४५ किलो हवं. जयंतीच्या शिबिरात एकाच दिवशी सगळ्या गावानं देण्यापेक्षा जिल्हा रक्तपेढीला फोन करून कधी लागेल ते विचारा आणि पाळीपाळीनं जा.