फॉक्सपी३ ओळखणारी अँटीबॉडी, क्लोन २३६ए/ई७ : ग्रामीण विदर्भातील प्रयोगशाळेतला वापरानंतरचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात आम्ही मानवी फॉक्सपी३ हे प्रथिन दाखवणारी, २३६ए/ई७ या क्लोनची (म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी) मोनोक्लोनल अँटीबॉडी वापरत आहोत. ऊतीच्या कापावर ती जिथे चिकटते तिथे पुढच्या टप्प्यात तपकिरी रंग उमटतो. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू तिने आमच्याकडे काढले असल्यामुळे आता तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. हा क्लोन एकाहून अधिक कंपन्या विकतात, म्हणून हे लेखन कोणत्याही एका कंपनीच्या बाटलीबद्दल नसून क्लोनबद्दल आणि आमच्या परिस्थितीतील त्याच्या वागणुकीबद्दल आहे. अँटीबॉडी उत्तम आहे आणि मी ती पुन्हा घेईन. मात्र आपल्या भागातील कातडीच्या आणि तोंडाच्या बायोप्सीमध्ये दिसणारा प्रत्येक तपकिरी ठिपका तिचा नसतो, आणि तिचा असला तरी तो नियामक (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या) पेशीचाच आहे असे धरून चालता येत नाही.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर तुटून पडू नये यासाठी नियामक टी पेशी नावाचा एक गट सतत काम करत असतो, आणि त्या पेशी घडवण्याचे व टिकवण्याचे सूत्र फॉक्सपी३ या प्रथिनाकडे असते. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींचा गट वेगळा करून दाखवला. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘स्कर्फी’ जातीच्या आजारी उंदरांमधील दोष फॉक्सपी३ च्या जनुकात असल्याचे दाखवले आणि हाच जनुक बिघडल्यास मुलग्यांमध्ये आयपेक्स हा गंभीर आजार होतो हेही त्याच सुमारास स्पष्ट झाले. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. तान्ह्या वयातच जुलाब, इसब आणि मधुमेह सुरू होतात. २००३ मध्ये हे दोन्ही धागे जुळले, आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. त्यानंतर आमच्या विभागात या अँटीबॉडीबद्दल विचारणा वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे.

आम्हाला तिची गरज दोन कामांसाठी होती. पहिले काम कुष्ठरोगाचे. या जिल्ह्यात दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठसेवा चालत आली आहे आणि आजही गावागावांतून नवे रुग्ण येतात. जंतूंनी भरलेल्या लेप्रोमॅटस प्रकारात प्रतिकारशक्ती इतकी स्वस्थ का बसते, या प्रश्नात नियामक पेशींचा वाटा किती, हे कातडीच्या तुकड्यातच पाहावे लागते. दुसरे काम तोंडाच्या कर्करोगाचे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्याकडे शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत चघळला जातो, आणि त्याचे परिणाम आमच्या टेबलावर रोज येतात. गाठीभोवती जमलेल्या लिम्फोसाइटमध्ये (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींमध्ये) मारक पेशी किती आणि त्यांना आवरणाऱ्या किती, हे जाणून घेणे आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग आहे.

साठवणुकीपासून सुरुवात करतो, कारण इथे आपल्या भागाचा खरा कस लागतो. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो. म्हणून आम्ही मागणी फेब्रुवारीच्या आत पूर्ण करून घेतो आणि नागपूरहून पार्सल त्याच दिवशी हातात येईल अशी व्यवस्था लावतो. बर्फाच्या पिशव्या पूर्ण वितळून कोमट झालेल्या असतील तर पार्सल स्वीकारू नये, असा नियम मी सर्वांना सुचवेन. बाटली आल्यावर लगेच तिचे छोटे भाग करून वेगवेगळ्या नळ्यांत ठेवावेत. फ्रीजच्या दारात त्या कधीही ठेवू नयेत, आणि रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावरही थंडावा बराच वेळ टिकतो. पुष्कळ कंपन्या द्रावणात सोडियम अझाइड घालतात. ते जंतूंना रोखते, पण पुढच्या टप्प्यात रंग उमटवणाऱ्या पेरॉक्सिडेज एन्झाइमलाही मारते. प्राथमिक अँटीबॉडी (म्हणजे हीच, सर्वांत आधी लावायची) त्याआधी धुऊन निघत असल्यामुळे तिच्यातले अझाइड चालते. धुण्याचे बफर टिकावे म्हणून त्यात मात्र अझाइड घालणे टाळावे.

स्टेनिंगच्या बाबतीत हा क्लोन समजूतदार आहे. तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन (ऊतीचे पातळ काप) चांगल्या चिकट आवरणाच्या स्लाइडवर घ्यावेत, कारण ट्रिस-ईडीटीएच्या पीएच ९ च्या द्रावणात प्रेशर कुकरमध्ये उकळताना कातडीचे सेक्शन सहज सुटतात. सायट्रेटच्या पीएच ६ च्या द्रावणात आमच्याकडे रंग फिका आला, म्हणून आम्ही पीएच ९ वरच स्थिरावलो. अँटीबॉडीचे पातळीकरण १:५०, १:१०० आणि १:२०० असे लावून पाहिले तेव्हा १:१०० ला केंद्रक स्पष्ट आणि पार्श्वभूमी स्वच्छ मिळाली. प्रत्येक प्रयोगशाळेने हे स्वतःच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतीवर) ठरवावे. एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे उन्हाळ्यातली आपली कोरडी हवा. पंख्याखाली स्लाइडवरचे द्रावण कडेने सुकू लागते आणि सुकलेल्या कडेवर गडद तपकिरी पट्टा उमटतो, जो अननुभवी डोळ्याला भरगच्च पॉझिटिव्ह वाटतो. झाकणाच्या डब्यात ओल्या टिपकागदावर स्लाइड ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यास हा त्रास उरत नाही. बफर नेहमी डिस्टिल्ड पाण्यातच करावे; विहिरीचे आणि बोअरचे पाणी इथे जड आहे.

कंट्रोल (रंग नीट आला का हे तपासण्याची तुलना) म्हणून टॉन्सिलसारखी दुसरी ऊती नाही. फॉलिकल म्हणजे लिम्फोसाइटचे गोल पुंजके; त्यांच्या दरम्यानच्या भागात लहान लिम्फोसाइटची केंद्रके तपकिरी दिसली पाहिजेत, फॉलिकलच्या गाभ्यात, म्हणजे जर्मिनल सेंटरमध्ये, ती तुरळक असली पाहिजेत आणि वरचे एपिथेलियम कोरे राहिले पाहिजे. फॉक्सपी३ हे जनुकांवर बसून काम करणारे प्रथिन असल्याने रंग केंद्रकातच अपेक्षित आहे. केवळ सायटोप्लाझममध्ये दाणेदार रंग दिसला तर ती पेशी मोजायची नाही. मास्ट पेशी (दाण्यांनी भरलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) अशा फसव्या असतात आणि कातडीत त्या भरपूर असतात. आमच्या तंत्रज्ञ ताई प्रत्येक फेरीत टॉन्सिलची एक स्लाइड प्राथमिक अँटीबॉडीसह आणि एक तिच्याविना लावतात, आणि त्या दोन स्लाइड पाहिल्याशिवाय रुग्णाची स्लाइड कोणी उचलत नाही.

आता तपकिरी रंगाचा प्रश्न, ज्याने आमचा सर्वाधिक वेळ घेतला. पेरॉक्सिडेजने उमटणाऱ्या डीएबी या रंगद्रव्याचा रंग तपकिरी, आणि कातडीचे रंगद्रव्य मेलॅनिनही तपकिरी. कुष्ठरोगाचा चट्टा वरून फिकट दिसला तरी खालच्या थरात मेलॅनिन गिळलेल्या पेशी असतात, आणि त्या नेमक्या लिम्फोसाइटच्या दाटीत बसलेल्या असतात. तोंडाच्या आतील त्वचेतही आपल्याकडे रंगद्रव्य असते. त्यात गावाकडून येणाऱ्या बायोप्सी कधी बफर न केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये असतात, आणि रक्ताळलेल्या ऊतीत त्या आम्लामुळे फॉर्मॅलिनचे गडद कण साचतात. पेरॉक्साइडने केलेले ब्लॉकिंग लाल पेशींच्या एन्झाइमला आवरते, या कणांना नाही. म्हणून प्राथमिक अँटीबॉडीविना लावलेली रुग्णाची स्वतःची स्लाइड शेजारी ठेवूनच मोजणी करावी. रंगद्रव्य फार असल्यास डीएबीऐवजी एईसी या रसायनाचा लाल रंग वापरावा. तो अल्कोहोलमध्ये विरघळतो म्हणून स्लाइड पाण्यात मिसळणाऱ्या माध्यमातच बंद करावी लागते आणि कालांतराने ती फिकी पडते, तेव्हा छायाचित्रे लगेच काढून ठेवावीत. केंद्रके निळी दाखवणाऱ्या नेहमीच्या हेमॅटॉक्सिलिनऐवजी अझ्युअर-बी वापरल्यास मेलॅनिन निळसर-हिरवे दिसते आणि डीएबी तपकिरीच राहते. हा उपाय स्वस्त आहे आणि मला तो मनापासून आवडला.

ग्रामीण रुग्णालयांतील सहकाऱ्यांना यानिमित्ताने एक विनंती आहे. बायोप्सी तुकड्याच्या किमान दहा पट बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये टाका आणि ती आठवडाभर बस स्टँडवरच्या पार्सलमध्ये पडून राहू देऊ नका. अतिरेकी फिक्सेशन झालेल्या (फॉर्मॅलिनमध्ये फार वेळ राहिलेल्या) ब्लॉकवर ही अँटीबॉडी मंद होते आणि तेव्हा पॉझिटिव्ह पेशी कमी दिसणे हा रुग्णाचा गुण आहे की डब्याचा, हे कोणालाही सांगता येत नाही.

अर्थ लावताना तर आणखी संयम हवा. उंदरात फॉक्सपी३ म्हणजे नियामक पेशी हे समीकरण बरेचसे चालते; माणसात चेतवलेली साधी टी पेशीही काही काळ हे प्रथिन थोडे दाखवते. त्यामुळे कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनमध्ये (अचानक भडकणाऱ्या दाहात), जिथे सगळ्याच पेशी पेटलेल्या असतात, केवळ या एका रंगावरून ‘नियामक पेशी वाढल्या’ असे लिहिणे मला मान्य नाही. लागोपाठच्या सेक्शनवर टी पेशींचे दोन मुख्य प्रकार दाखवणाऱ्या सीडी४ आणि सीडी८ या खुणांच्या अँटीबॉडी लावून त्यांच्याशी प्रमाण काढावे. काही गाठींच्या कर्करोग-पेशींमध्येही फॉक्सपी३ आढळल्याचे अहवाल आहेत, म्हणून मोजलेली पेशी लिम्फोसाइटच आहे याची आकारावरून खात्री करावी. आमच्या बाटलीवर ती केवळ संशोधनासाठी असल्याचे लिहिले आहे, आणि म्हणून आम्ही हा निष्कर्ष रुग्णाच्या अहवालात लिहीत नाही. उपचार ठरवण्यासाठी कोणी मागितला तरी देत नाही.

किंमत लहान विभागाला जड वाटेल अशीच आहे. पण १:१०० पातळीकरणात एक छोटी बाटली पुष्कळ स्लाइडना पुरते, आणि त्वचारोग, दंत व विकृतिशास्त्र या विभागांनी मिळून एक घेतली तर भार हलका होतो. नवी खेप मागवताना जुन्या खेपेचा थोडा भाग राखून ठेवावा आणि एकाच टॉन्सिल ब्लॉकच्या लागोपाठच्या सेक्शनवर दोन्ही खेपा शेजारी लावाव्यात. दोन्हींची तीव्रता जुळली तरच चालू अभ्यासात नवी बाटली उघडावी, अन्यथा पातळीकरण पुन्हा ठरवून त्याची नोंद वहीत खेप क्रमांकासह करावी.