वादळात पडलेली झाडं कापताना आठ महिने वापरलेला ५० सीसी चेनसॉ: सगळं दुखणं तेलाच्या भोकात

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती सांगत बसत नाही. १८ इंची बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती पट्टी), पेट्रोलवर चालणारा. माझ्याकडे त्याला काम एकच, वादळात उन्मळलेली नाहीतर मोडून लटकलेली झाडं काढायची. इंजिन दणकट आहे, ओल्या लाकडातही दम खात नाही. पण चेन कोरडी पडू नये म्हणून बारच्या भोकातून येणारं तेल!

मागच्या महिन्यात एक आडवं खोड कापत होतो. मुळांचा गड्डा उभा, शेंडा दुसऱ्या झाडावर टेकलेला, त्यामुळे खोडाची एक बाजू दबलेली आणि दुसरी ताणलेली. दबलेल्या बाजूने एक तृतीयांश कापून घेतलं आणि ताणलेल्या बाजूने आत शिरलो, तर बारमधून धूर. चेन कोरडी ठणठणीत, टाकीत तेल मात्र अर्ध्याच्या वर. असं अर्धवट कापलेलं खोड कधी सुटेल सांगता येत नाही, आणि सुटलं की गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसतो. साथीदाराला लांब पाठवलं आणि दुसऱ्या करवतीने काम उरकलं. हात थरथरत होते.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, तेलाचा पंप गेलाय, बारही बदला, वॉरंटीत बसत नाही. चांगल्या वस्तूवर पैसे उधळायचे नव्हते, म्हणून घरी येऊन बार काढला. तेलाच्या भोकात भुसा आणि तेलाचा गच्च लगदा बसला होता, वाळलेल्या मेणासारखा. तारेने कोरून काढला, बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली, तर पुठ्ठ्यावर तेलाची स्वच्छ रेघ उमटली. पंप ठणठणीत होता!

त्या दिवशी दोनच स्टार दिले असते. आता तीन देतो, कारण थोडी चूक माझीही होती. पडलेल्या झाडाच्या सालीत माती भरलेली असते. तिने चेन बोथट होते, आणि बोथट चेन किस न काढता पीठ पाडते. तेच पीठ भोकात जाऊन बसतं. आता आधी साल ब्रशने झाडतो आणि दर टाकीला चेनवर कानस मारतो. तरी तेलाची वाट इतकी अरुंद ठेवायचं कारण मला पटलेलं नाही. साफ करायला दर वेळी दोन्ही नट सोडवून बार उतरवावा लागतो. नट कव्हरलाच अडकून राहतात हे बरं, नाहीतर पालापाचोळ्यात शोधत बसावे लागले असते. उतरवलाच आहे तर बार उलटवूनही लावतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. त्यांनी फेकायला सांगितलेला बार अजून चालतोय, आणि तार कायम खिशात असते.