गॅसचे शॉकअप काढून साधे बसवले: सात महिन्यांनंतर

मे महिन्यात चोर्ला घाट उतरताना माझ्या दीडशे सीसीच्या बाइकच्या मागच्या डाव्या गॅस शॉकअपचं सील, म्हणजे आतलं तेल अडवणारी रबरी कडी, गेलं. केरीला थांबून पाहिलं तर तेल पार स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) ओघळलेलं. सर्व्हिस सेंटरात म्हणाले, जोडीच बदला, साडेपाच हजार. नुसतं सील बदला म्हटलं, तर आत दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, ते काम इथे होत नाही. नऊ वर्षांच्या गाडीला एवढे पैसे? साखळी गावच्या मेस्त्रीने साधी स्प्रिंग-तेलाची जोडी १८५० रुपयांत बसवली. लांबी मात्र दोन टोकांच्या बुशच्या, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्यांच्या, मध्यापासून मध्यापर्यंत मोजूनच घ्या. आखूड पडली तर साइड स्टँडवर गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पडते.

पहिले पंधरा दिवस मी पस्तावलो. प्रत्येक स्पीड ब्रेकरला मागून लाथ बसायची. ‘पैसे पाण्यात गेले’ असं घरी सांगूनही टाकलं होतं. मग वाकून पाहिलं, तर दोन्ही स्प्रिंगा चौथ्या खाचेवर! खाच जितकी वरची, तितकी स्प्रिंग कडक. माझं वजन ६२ किलो. हूक पान्याने दुसऱ्या खाचेवर आणल्या आणि आमोणा, माशेल, जुने गोवे, रायबंदर असा रोजचा रस्ता एकदम मऊ झाला. तेव्हा आधीचे शब्द मागे घेतो.

पण मला खरं बोलायचंय ते रॉडबद्दल, म्हणजे शॉकअपमध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या दांडीबद्दल. माझ्या जुन्या शॉकअपची गॅसची टाकी वर आणि रॉड खाली, म्हणजे नेमका चाकाच्या चिखलात. गॅसवाला तसा उलटा चालतो. साध्यात तेल आणि हवा एकाच नळीत असतात, म्हणून त्याचा रॉड वरच ठेवावा लागतो, आणि त्यावर जुन्या पद्धतीचं कव्हरही असतं. आपल्याकडची लाल माती, चार महिने पाऊस, वर पणजीची खारी हवा. रॉडच्या चकचकीत क्रोमवर गंजाचा एक बारीक खड्डा पडला की तो वर-खाली होताना सील खरवडतो. माझं सील असंच गेलं. काढलेल्या रॉडवरून नख फिरवलं तर अडकत होतं. यंदा अख्खा पावसाळा काढून दिवाळीला कव्हर वर करून पाहिलं, रॉड आरशासारखा! सत्तर रुपयांचं ते कव्हर एवढ्या महागड्या शॉकअपला का देत नाहीत, याचा मला अजून राग येतो.

साधा शॉकअप कमी पडतो तो घाटात. सासरी बेळगावला जाताना दोघं बसलेलो, मागे बॅग, आणि खड्ड्यांमागून खड्डे आले की तेलाला फेस येतो आणि मागची बाजू तरंगायला लागते. गॅसवाल्याला हे कधी झालं नव्हतं. आता निघायच्या आदल्या रात्री चौथी खाच लावतो आणि चोर्ल्याला चहाला थांबतो; तेवढ्यात शॉकअपही निवतात.