सतत चक्रवाढ की वार्षिक? उत्पन्नाचे वर्तमान मूल्य काढताना कोणती पद्धत घ्यावी

पुढची दहा वर्षे दरवर्षी १,००,००० मिळणार आहेत आणि डिस्काउंट दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना धरायचा व्याजदर, ८ टक्के आहे. या उत्पन्नाची आजची किंमत किती? वार्षिक सूत्राने उत्तर येते ६,७१,००८ आणि सतत चक्रवाढीच्या, म्हणजे क्षणाक्षणाला व्याज आकारणाऱ्या, सूत्राने ६,८८,३३९. दोन्ही गणिते बरोबर आहेत. तरी १७,३३१ चा फरक पडतो आणि व्यवहार करणाऱ्याला त्यातला एकच आकडा टेबलावर ठेवता येतो. पद्धत निवडण्याआधी हा फरक येतो कुठून ते पाहू.

सूत्रे अशी:

वार्षिक: रक्कम × [१ − (१ + दर)^(−वर्षे)] ÷ दर

सतत: रक्कम × [१ − ई^(−दर × वर्षे)] ÷ दर

यातला ई म्हणजे २.७१८२८… ही संख्या. व्याजाची आकारणी वर्षातून एकदाऐवजी दोनदा, बारादा, रोज, क्षणाक्षणाला केली तर काय होईल, हा प्रश्न याकोब बर्नुलीने १६८३ मध्ये हाताळला. १०० टक्के दराने १ चे वर्षाअखेर अमाप काही होत नाही, वाढ २ आणि ३ च्या मध्येच कुठेतरी थांबते, हे त्याला दिसले. ती थांबण्याची जागा म्हणजे ई.

आता फरकाकडे. वार्षिक सूत्रावरून सतत सूत्रावर जाताना आपण नकळत दोन गोष्टी एकदम बदलतो. एक, पैसे येण्याची वेळ: वर्षअखेरीस एकरकमी येणारे पैसे आता वर्षभर अखंड येतात, म्हणजे सरासरीने सहा महिने आधी. त्यामुळे मूल्य वाढते. दोन, ८ टक्क्यांचा अर्थ: सतत चक्रवाढीचे ८ टक्के म्हणजे वर्षाअखेर प्रत्यक्षात ८.३३ टक्के. दर चढा झाला की मूल्य घटते. हे दोन परिणाम एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात आणि आपल्याला फक्त त्यांची वजाबाकी दिसते.

दोन्ही वेगळे करून बघा. प्रत्यक्ष वार्षिक दर ८ टक्केच ठेवायचा असेल तर सतत सूत्रात १.०८ चा नॅचरल लॉग (ई चा कितवा घात १.०८ होतो तो आकडा) घालायचा, म्हणजे ७.६९६ टक्के. उत्तर ६,९७,५०४. म्हणजे नुसती वेळ बदलल्याने मूल्य २६,४९६ ने वाढले आणि मग दराचा अर्थ बदलल्याने ९,१६५ ने उतरले.

| पैसे कधी येतात | ८ टक्के कसा धरला | वर्तमान मूल्य |
|---|---|---|
| वर्षाच्या सुरुवातीला | वार्षिक | ७,२४,६८९ |
| अखंड | वार्षिक | ६,९७,५०४ |
| वर्षाच्या मध्यावर | वार्षिक | ६,९७,३३२ |
| अखंड | सतत | ६,८८,३३९ |
| महिनाअखेर, १२ समान भाग | मासिक चक्रवाढ | ६,८६,८४६ |
| वर्षअखेर | वार्षिक | ६,७१,००८ |
| वर्षअखेर | सतत | ६,६१,१७२ |

तक्त्यातली दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचा. इंटिग्रेशन करून, म्हणजे अखंड प्रवाह धरून, काढलेले उत्तर आणि ‘सगळे पैसे वर्षाच्या मध्यावर आले असे समजू’ म्हणून साध्या वार्षिक पद्धतीने काढलेले उत्तर, यांत फरक फक्त १७२ चा. सात लाखांच्या आकड्यात १७२! दर २० टक्क्यांपर्यंत नेला तरी ही तफावत ०.१४ टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे सतत पद्धत ‘अधिक अचूक’ आहे, एवढ्याच कारणासाठी ती घेणार असाल तर माझ्या मते त्यात फारसा अर्थ नाही. मध्यावर पैसे धरणारी वार्षिक पद्धत तेच काम करते आणि समोरच्याला समजावून सांगायलाही सोपी जाते.

भाडे, कर्जाचे हप्ते, निवृत्तिवेतन, रोख्यांवरचे व्याज अशा ठरलेल्या तारखांना ठरलेली रक्कम देणाऱ्या उत्पन्नासाठी सतत सूत्राच्या वाटेला जाऊच नये. करारात तारखा लिहिलेल्या असताना त्या पुसून अखंड प्रवाह मानणे म्हणजे हातात असलेली माहिती फेकून देणे. स्प्रेडशीटमध्ये मात्र एक खाचखळगा आहे: एक्सेलचे एनपीव्ही (NPV, वर्तमान मूल्य काढणारे) हे फंक्शन पहिली रक्कम पहिल्या कालखंडाच्या शेवटी येते असे धरून चालते. पहिली रक्कम आजच मिळणार असेल तर ती बाहेर काढून वेगळी मिळवावी लागते. तारखा अनियमित असतील तर एक्सएनपीव्ही वापरा. ते प्रत्येक रकमेचे दिवस मोजून ३६५ ने भागते आणि दर वार्षिकच मानते.

सतत पद्धतीची खरी ताकद अचूकतेत नाही, सोयीत आहे. उत्पन्न स्थिर नसून वाढते किंवा घटते असेल तेव्हा ती सोय कळते. समजा १,००,००० ने सुरू होणारा प्रवाह सतत ५ टक्क्यांनी वाढतो आहे. मग दरातून वाढ वजा करायची, ८ उणे ५ म्हणजे ३ टक्के, आणि तोच आकडा मूळ सूत्रात घालायचा. उत्तर ८,६३,९३९. तेलविहिरीसारखे उत्पादन ठरावीक दराने आटत जाते असे मानले तर उलट करायचे: घटीचा दर डिस्काउंट दरात मिळवायचा. वाढ आणि दर नेमके सारखे निघाले तर सूत्र शून्य भागिले शून्य होऊन बसते. तिथे घाबरायचे कारण नाही, मूल्य म्हणजे सरळ रक्कम गुणिले वर्षे.

दुसरी सोय बदलत्या दराची. पहिली तीन वर्षे ७ टक्के आणि नंतरची सात वर्षे ९ टक्के असा दर असेल तर दहाव्या वर्षाच्या शेवटी येणाऱ्या रकमेसाठी घातांकांची फक्त बेरीज होते: ०.२१ अधिक ०.६३, म्हणजे ०.८४. वार्षिक पद्धतीत तिथे घात आणि गुणाकार करत बसावे लागते. प्रवाह दोन वर्षांनी सुरू होणार असेल तर सगळे मूल्य ई^(−२ × दर) ने गुणले की झाले. वस्तू कधी विकावी, खाण किती वर्षे चालवावी अशा प्रश्नांत मूल्याचे सूत्र हाती असणे आणि त्याचे डेरिव्हेटिव्ह (मूल्य किती वेगाने बदलते ते) काढता येणे फार कामाचे ठरते. ऑप्शन या आर्थिक कराराची किंमत काढणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रातही व्याज सतत चक्रवाढीचेच धरले आहे.

सतत सूत्रात सर्वांत महागात पडणारी गफलत एककांची. दरमहा ८,३३३ मिळतात म्हणून रक्कम ८,३३३ घातली, काळ १२० महिने घातला आणि दर मात्र वार्षिक ०.०८ ठेवला, तर उत्तर एक लाख चार हजारांच्या आसपास येते. सूत्र कुरकुरत नाही, चूक दाखवत नाही. प्रवाह वार्षिक तर काळ वर्षांत आणि दरही वार्षिक, हे तिन्ही एकाच मापात आहेत ना ते आधी बघून घ्या.

आणि पद्धतीवर वाद घालत असाल तर दराकडेही एक नजर टाका. सतत सूत्रातच दर ८ ऐवजी ७ टक्के केला की मूल्य ६,८८,३३९ वरून ७,१९,१६४ वर जाते, म्हणजे ३०,८२५ चा फरक. दोन सूत्रांमधल्या भांडणापेक्षा तो बराच मोठा. वेळ कमी असेल तर तो दर ठरवण्यात घालवा.

प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन्ही प्रकार एकत्र येतात: विक्री रोजची, पण विमा किंवा देखभाल वर्षातून एकदाच. तेव्हा एकाच पद्धतीत सगळे कोंबू नका. विक्रीला अखंड प्रवाहाचे सूत्र लावा, प्रत्येक एकरकमी खर्चाला त्याच्या वेळेनुसार ई^(−दर × वर्षे) ने गुणा आणि मग वजाबाकी करा. अट एकच, दोन्हीकडे तोच सतत दर असावा. विक्रीला सतत ८ टक्के आणि खर्चाला वार्षिक ८ टक्के लावले तर खर्चाचे वर्तमान मूल्य फुगते: दरवर्षी १,००,००० चा वर्षअखेरचा खर्च ६,६१,१७२ ऐवजी ६,७१,००८ दिसतो आणि व्यवहार आहे त्यापेक्षा ९,८३६ ने वाईट भासतो.