‘ऑटिस्टिक’ की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’?
ऑटिझम म्हणजे संवाद साधण्याची, जग अनुभवण्याची जन्मजात वेगळी तऱ्हा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हे दोन्ही शब्द कानावर पडतात. ‘ऑटिस्टिक’ म्हणवून घेणाऱ्यांच्या मते ऑटिझम मेंदूच्या घडणीतच आहे; सदऱ्यासारखा काढून खुंटीला टांगता येत नाही. ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ म्हणणाऱ्यांना आधी माणूस दिसायला हवा असतो. दोघंही स्वतःबद्दलच बोलतात, तेव्हा पालकांनी वा शिक्षकांनी त्यांचा शब्द दुरुस्त करू नये. पहिल्या भेटीतच विचारावं. माहीत नसेल तर सरळ त्या व्यक्तीचं नाव घ्यावं.

ऑटिस्टिकसाठी वापरला जाणारा मराठी शब्द ‘स्वमग्न’ मात्र फसवा. मूल मुद्दाम दुर्लक्ष करतंय, आपल्याच तंद्रीत आहे, असं ऐकणाऱ्याला वाटतं. (कन्नडमधल्या ‘स्वलीनते’चंही तेच.)

दिव्यांग दाखल्याचा अर्ज वेगळा: तिथे आवडीचा शब्द नको, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीतलं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ हेच नाव लिहावं.